हाली, कलदार आणि हुकलेली बोली

आमच्या जळकोटाकडच्या जुन्या माणसांचं नुसतं 'रुपया' म्हणून भागत नसे. कुठला रुपया, हे आधी सांगावं लागे. हाली का कलदार? हाली म्हणजे निजामाचा आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा. (जळकोट म्हणजे लातूर जिल्ह्यातलं, उदगीरजवळचं. तुळजापूरकडचं जळकोट वेगळं. हे दरवेळी सांगावं लागतं!)

हे आज सांगायचं कारण म्हणजे मला हाली नाणी जमवायचा नाद आहे, हे तुम्हा मंडळींना ठाऊक आहेच. नाणी आता ऑनलाइन लिलावात मिळतात. 'मिळतात' म्हणजे दिसतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मिळतात. घरी कुणाचाही फोन आला की शेवटी प्रश्न ठरलेला, "काय, लागलं का नाणं?" नाही लागलं. परवाही नाही लागलं. त्यावर थोडं लिहावंसं वाटलं.

परवाचं नाणं होतं हिजरी १३२९ चा चारमिनार रुपया. १९०३-०४ पासून हैदराबादच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनारचं चित्र येऊ लागलं. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर 'मीम', मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन'. १९११ च्या ऑगस्टात महबूब अली खान वारले. हिजरी सन चालू होता १३२९. म्हणजे एकाच वर्षाची नाणी दोन अक्षरांची, एक राज्य संपल्याचं आणि दुसरं सुरू झाल्याचं. मला त्यातलं 'ऐन'वालं हवं होतं. मागच्या बाजूला 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद' हे टांकसाळीचं नाव सुद्धा स्वच्छ वाचता येत होतं. मी तीन हजारांची मर्यादा घातली होती. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी आलं आणि नाणं घेऊन गेलं.

आता या लिलावाची एक गंमत आहे. आपण आपली कमाल रक्कम सांगून ठेवायची, आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे जिंकणाऱ्याला स्वतःची कमाल रक्कम द्यावी लागत नाही, हरणाऱ्याच्या रकमेहून एक पायरी वर तेवढीच द्यावी लागते. विल्यम विकरी नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर चालणाऱ्या लिलावाचं गणित मांडलं. पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. अशा लिलावात आपल्याला वस्तूची खरोखर जेवढी किंमत वाटते तेवढीच सांगावी, कमीही नाही आणि जास्तही नाही. म्हणजे बघा, नाणं त्याने नेलं, पण भाव मी ठरवला. हे समाधान अगदीच फुकाचं नाही.

पण 'खरोखर किती किंमत वाटते' हा प्रश्न आमच्या मुलखात नवा नाही. इथला प्रत्येक शेतकरी आणि प्रत्येक सराफ पिढ्यान्‌पिढ्या तोच सोडवत आला.

हाली म्हणजे 'हालचा', चालू. कलदार म्हणजे 'कळीचा', यंत्रावर पाडलेला. पुढे हालीही यंत्रावरच पडू लागला, पण नावं तशीच राहिली. निजामाच्या राज्यात शेतसारा हालीत भरायचा. पण माल राज्याबाहेर गेला की पैसा कलदार. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि आमच्या भागातला कापूस कुर्डुवाडीमार्गे मुंबईकडे जाऊ लागला. कुर्डुवाडी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. लातूरच्या बाजारातला व्यवहार दोन चलनांच्या उंबरठ्यावर होता. मध्ये बसायचा सराफ, आणि मध्ये कापला जायचा बट्टा.

शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा हिशेब. म्हणजे सहा कलदारांना सात हाली. लहानपणी मला वाटायचं, इंग्रजांनी दांडगाईने लादलेला हा भाव असणार. एकदा दोन्ही नाण्यांचं वजन मांडून गणित केलं. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. भागून बघा. जवळजवळ नेमके सातास सहा! दोन्ही नाण्यांवर छाप राजांचे, पण सराफाच्या तराजूला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. २६ जानेवारी १९५० पासून भारताचा रुपया हैदराबादेत चलन म्हणून आला, पुन्हा त्याच सातास सहाच्या हिशेबाने. १९५९ पर्यंत हाली कायमचा बाद झाला. नावातच 'चालू' असलेलं नाणं चालेनासं झालं. कितीतरी घरांतली अशी नाणी नंतर सराफाकडे वजनावर गेली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात चांदी घरात ठेवणं परवडणारी घरं थोडीच होती. आमच्याही घरातली गेली. काही किलो ज्वारी आली असेल. आज तसल्याच नाण्यांवर बोली लावताना मी हरतो, तेव्हा जरा लागतं ते यामुळे. आपल्याच उतरंडीतून गेलेली वस्तू आपल्यालाच झेपू नये, असं वाटतं.

हे वाटणं खरं असलं तरी परवाच्या नाण्याला ते लागू होत नाही, हे मला त्या रात्री नाण्याचा फोटो पुन्हा बघताना जाणवलं. त्या रुपयाला चढा भाव आला तो कशामुळे? वर्णनात शब्द होता 'अनसर्क्युलेटेड'. म्हणजे न फिरलेलं. टांकसाळीतून निघालं आणि कुठल्यातरी तिजोरीत बसलं. त्याने बाजार पाहिला नाही, बट्टा पाहिला नाही, सारा भरला नाही. कुणाच्या कमरेच्या कशात ते झिजलं नाही. नाण्यांच्या बाजारात सर्वांत महाग तेच, ज्याने नाण्याचं काम कधी केलंच नाही!

याचं टोकाचं उदाहरण निजामाच्याच घराण्याशी जोडलेलं आहे. जहांगीर बादशहाने १६१३ मध्ये आग्र्याला हजार मोहरांचं एक नाणं पाडलं, जवळजवळ बारा किलो सोन्याचं. १९८७ मध्ये ते जिनिव्हात लिलावाला आलं तेव्हा जगभर गवगवा झाला. विक्री झाली नाही आणि आपल्याकडे सीबीआयची चौकशी मात्र लागली. त्या नाण्याने शेरभर ज्वारी कधी कुणी घेतली नसणार. कुठल्या बनियाने सुटे दिले असते?

आणि दुसऱ्या टोकाला बघा. त्याच लिलावांत तळाशी काही नाणी असतात. चारमिनार पुसट झालेला, कमानीतलं अक्षर लावताना डोळे ताणावे लागतात. कडेला सराफाने कस बघायला मारलेली खूण. एखाद्यावर काढून टाकलेल्या कडीचा डाग. आमच्या जळकोटाच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या अंगावर रुपयांचे दागिने असत, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हा डाग सांगावा लागणार नाही. वर्णनात लिहितात 'सदोष'. बोलीही फारशी कुणी लावत नाही. मला मात्र वाटतं, इतिहास म्हणून मी जे शोधतोय ते हेच. हा दोष म्हणजे त्या नाण्याचं आयुष्य आहे. लातूरच्या अडतीत, उदगीरच्या बाजारात, आमच्या गल्लीतल्या कुण्या बाईच्या गळ्यात असंच नाणं होतं. चकचकीत नव्हतं.

तेव्हा आता माझी रीत सांगतो, कुणाला उपयोगी पडली तर बघा. लिलाव सुरू व्हायच्या आधी आकडा कागदावर लिहायचा. तो घालून उठायचं आणि शेवटची पाच मिनिटं पडद्यासमोर बसायचं नाही. त्या पाच मिनिटांत आपण नाण्यासाठी बोली लावत नसतो, समोरच्या न दिसणाऱ्या माणसाला हरवायला लावत असतो. हुकलेल्या नाण्यांची मी एक वही केली आहे. सन, अक्षर, वजन, टांकसाळ, कितीला गेलं. लिलावाच्या यादीत एवढी माहिती फुकट मिळते, आणि ती हरलेल्यालाही तेवढीच मिळते. जिंकलेल्या नाण्यांचा डबा लहान आहे, पण वही भरत आली. हाली रुपया वर्षावर्षाने कसा बदलला, हे मला डब्यापेक्षा वहीतून जास्त कळलं.

'ऐन'वाला १३२९ कुणाकडे गेला असेल, सांभाळून ठेवला जावो. मी सध्या एका झिजलेल्या रुपयावर नजर ठेवून आहे. तारीख अर्धी पुसली आहे, कडीचा डाग आहे. अजून तरी कुणी बोली लावलेली नाही. लागलंच तर पहिल्यांदा तराजूत घालून बघणार, किती चांदी लोकांच्या हातांनी नेली ते.