राजाची सनद आणि प्रजेची सहल

सुटीचा एक अखंड दिवस मुलाबाळांसह एखाद्या कुंपणबंद उद्यानात घालवावा, दारावर तिकीट काढून आत शिरावे, पाळण्यांत बसावे, बँड ऐकावा, उपाहारगृहात बाहेरच्या दुप्पट दाम मोजून जेवावे आणि रात्रीचे दारूकाम पाहून पेंगुळलेली पोरे खांद्यावर टाकून घरी परतावे, हा प्रघात आज अमेरिकेपासून जपानपर्यंत इतका रूढ झाला आहे की, त्याला काही इतिहास असेल, आणि तोही राजकीय इतिहास असेल, अशी शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. या प्रघाताचे पितृत्व सामान्यतः वॉल्ट डिस्नेकडे दिले जाते. परंतु कॅलिफोर्नियातील त्याचे डिस्नेलँड १९५५ साली उघडले त्याच्या चार वर्षे आधी हाच गृहस्थ कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानात वहीत टिपणे करीत हिंडत होता. तेथील बाके, दिवे, कचऱ्याच्या पेट्या, सारे तो बारकाईने न्याहाळीत होता, असे त्याच्या समवेत असलेल्या आर्ट लिंकलेटर यांनी पुढे सांगितले आहे. तेव्हा मूळ शोधावयाचे तर डेन्मार्ककडेच वळले पाहिजे.

डेन्मार्कमध्येही टिव्होली हे काही आद्य स्थान नव्हे. कोपनहेगनच्या उत्तरेस क्लाम्पेनबोर्गच्या रानात १५८३ साली कर्स्टन पील नावाच्या एका भाविक मुलीला झरा सापडला, त्याच्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात अशी ख्याती पसरली, आणि विशेषतः उन्हाळ्याच्या मध्यावर येणाऱ्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास हे पाणी अधिक गुणकारी असते या श्रद्धेने शहरातील माणसे गाड्या जुंपून तेथे लोटू लागली. जेथे भाविक जमतात तेथे खाऊवाले, डोंबारी, बाहुल्यांचे खेळवाले आणि मद्यविक्रेते जमावयास विलंब लागत नाही. आपल्याकडे जेजुरी किंवा मांढरदेवीच्या वाटेवर जे दृश्य दिसते तेच, देव वगळता, तेथेही उभे राहिले. पुढे १६६९ च्या सुमारास तिसऱ्या फ्रेडरिकने त्या रानास कुंपण घालून ते राजाच्या मृगयेसाठी राखून ठेवले, आणि १७५६ साली पाचव्या फ्रेडरिकने पुन्हा प्रजेस खुले केले. त्या टेकडीवरचे ते ‘बाक्केन’ आजही चालू असून जगातील सर्वांत जुने मनोरंजनस्थळ म्हणून त्याची गणना होते. मात्र बाक्केन कोणी योजून निर्माण केलेले नाही. जत्रेसारखे ते आपोआप साचत गेले, आणि राजाकडे त्याबाबत फक्त दोन अधिकार होते, बंद करण्याचा किंवा चालू देण्याचा.

टिव्होलीची गोष्ट याहून सर्वस्वी भिन्न आहे. ते एका अर्जातून आणि त्या अर्जावर मिळालेल्या सनदेतून जन्मास आले. अर्जदार गेऑर्ग कार्स्टेनसेन याचा जन्म १८१२ साली अल्जिअर्स येथे झाला होता, कारण त्याचा पिता तेथे डेन्मार्कचा वकील होता. भूमध्यसमुद्राच्या काठी बालपण गेलेल्या या उमद्या, खर्चिक आणि थोड्याशा बढाईखोर तरुणास कोपनहेगन हे नगर फार कोंदट वाटले असले तर नवल नाही. सुमारे सव्वा लाख वस्तीचे ते शहर तेव्हा अद्याप तटाच्या आत दाटीवाटीने राहत होते, आणि तटाबाहेरची मोकळी जमीन लष्करी कारणास्तव ओसाड ठेवण्याचा दंडक होता. कार्स्टेनसेन नियतकालिके काढीत असे व त्यांच्या वर्गणीदारांसाठी राजोद्यानात दिव्यांच्या रोषणाईसह संगीताच्या मैफली भरवीत असे. तेथे लोटणारी गर्दी पाहून कायमचे असेच एखादे स्थान असावे, ही कल्पना त्याच्या मनात रुजली. लंडनचे व्हॉक्सहॉल आणि पॅरिसचे टिव्होली ही प्रमोदवने त्याच्यापुढे नमुना म्हणून होतीच. नवीन उद्यानाचे नावही त्याने या दोघांवरून प्रारंभी ‘टिव्होली आणि व्हॉक्सहॉल’ असेच ठेवले.

डेन्मार्कमध्ये १६६० पासून अनियंत्रित राजसत्ता होती, आणि आठव्या ख्रिश्चनच्या कारकिर्दीत तिच्याविरुद्ध कुजबुज सुरू झाली होती. संविधान हवे, वृत्तपत्रांवरील बंधने सैल हवीत, असे शिकलेला मध्यमवर्ग उघड बोलू लागला होता. अशा वेळी कार्स्टेनसेनने राजापुढे आपली बाजू मांडताना, लोक मौजेत गुंग असले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहीत, असे सांगितले म्हणतात. हे वाक्य त्याच्या तोंडचे असो वा पुढे कोणी रचलेले असो, त्यातील हिशेब त्या दरबाराला पटण्यासारखा होता यात संशय नाही. राजाने पाच वर्षांच्या मुदतीचा परवाना दिला, पश्चिम वेशीबाहेरील तटालगतची जमीन वापरण्यास मंजुरी मिळाली, कार्स्टेनसेनने भाग विकून भांडवल उभे केले, आणि १८४३ च्या १५ ऑगस्ट रोजी टिव्होलीचे दार उघडले. पहिल्या हंगामात तेथे येऊन गेलेल्यांची संख्या शहराच्या एकूण वस्तीहून अधिक भरली.

जमीन लष्कराच्या ताब्यातील असल्यामुळे एक अट मात्र अटळ होती. युद्धप्रसंगी तोफांच्या माऱ्याआड येणारी प्रत्येक इमारत तात्काळ पाडता आली पाहिजे, म्हणून पक्के बांधकाम वर्ज्य. टिव्होलीला जे स्वप्नवत, लाकडी, रंगीत, अधांतरी रूप आले आणि ज्याचे अनुकरण पुढे जगभर झाले, त्याचा उगम कोणा प्रतिभावंताच्या कल्पनेपेक्षा सेनाखात्याच्या या कलमात अधिक आहे, असे माझे मत आहे. वास्तुशिल्पी स्टिलिंगने लाकडाचेच पौर्वात्य थाटाचे बाजार आणि संगीतमंडप उठविले. घोड्यांनी ओढावयाचे चक्र आणि उतरणीवरून घसरणारी गाडी पहिल्या दिवसापासून होती. आणि तटाचा खंदक उद्यानाच्या हद्दीत आला होता तो तलाव म्हणून वापरात आला. हान्स ख्रिश्चन लुम्बी हा संगीतकार वाद्यवृंदाचा प्रमुख नेमला गेला, आणि त्याच्या चपळ नृत्यगती ऐकावयास दरबारी आणि लोहार एकाच वाटेवरून चालू लागले. ज्या नगरात माणसाची जागा त्याच्या दर्जावरून ठरे तेथे सर्वांना एकाच दाराने आत घेण्याची ही रीत लहानसहान घटना नव्हती. त्याच शरद ऋतूत, ११ ऑक्टोबरला, हान्स अँडरसन टिव्होलीत जाऊन आला आणि चीनच्या बादशहाची व बुलबुलाची आपली कथा आज आरंभिली अशी नोंद त्याने रोजनिशीत केली. टिव्होलीतील त्या रंगीत कंदिलांनी आणि चिनी घाटाच्या शोभेने तिला चालना दिली असावी, असा तर्क अभ्यासक करतात, आणि तो मला पटतो.

येथे मराठी वाचकास जिव्हाळ्याची वाटेल अशी एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. ज्या राजाने लाकडी पूर्वेच्या या देखाव्यास सनद दिली, त्याच राजाने दोनच वर्षांनी, १८४५ साली, आपल्या ताब्यातील खरी पूर्व विकून टाकली. कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही डेन्मार्कची ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. तरंगमबाडीची जागा डेन्मार्कला १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळाली होती, आणि नायकांचे राज्य मावळून तंजावरास भोसले आल्यावर त्या जागेपोटी द्यावयाची वार्षिक रक्कम मराठ्यांच्या दरबारात जमा होऊ लागली. ज्यांच्या ग्रंथसंग्रहामुळे तंजावरचे नाव आजही विद्वानांच्या तोंडी आहे, त्या दुसऱ्या सरफोजी राजांचे पालक-शिक्षक श्वार्ट्झ हे याच तरंगमबाडीच्या मिशनमधून आलेले पाद्री. डेन्मार्कच्या खजिन्यास ते मुलूख परवडेनासे झाले होते, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. तथापि कोपनहेगनचे नागरिक तिकीट काढून पौर्वात्य मंडपांत फिरत असतानाच त्यांच्या राजाने पौर्वात्य महसूल कायमचा सोडून द्यावा, या योगायोगाकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते. असो.

राजाचा हिशेब कितपत खरा ठरला? टिव्होली उन्हाळ्यापुरते, डेन्मार्कचा हिवाळा दीर्घ आणि अंधारा. म्हणून कार्स्टेनसेनने हिवाळ्यातील करमणुकीसाठी छपराखालचे एक टिव्होली असावे अशी योजना काढली, आणि राजवाड्यापासून काही पावलांवर असलेल्या अमालीगाडे या रस्त्यावर १८४७ साली ‘कासिनो’ ही वास्तू उघडली. शहरात एवढे मोठे सार्वजनिक सभागृह दुसरे क्वचितच असेल. पुढच्याच वर्षी, १८४८ च्या जानेवारीत, आठवा ख्रिश्चन मरण पावला. मार्चमध्ये पॅरिसच्या क्रांतीचे आणि श्लेस्विगमधील बंडाळीचे पडसाद कोपनहेगनमध्ये उमटले. आणि २० मार्चच्या रात्री ऑर्ला लेमानप्रभृती उदारमतवाद्यांनी आपली प्रचंड सभा भरविली ती याच कासिनोत! दुसऱ्या दिवशी सुमारे पंधरा हजारांचा जमाव नव्या राजाकडे चालून गेला, तेव्हा सातव्या फ्रेडरिकने जुने मंत्रिमंडळ आधीच बडतर्फ केल्याचे त्यांना ऐकविण्यात आले. जवळजवळ दोन शतकांची अनियंत्रित सत्ता अशी रक्त न सांडता संपली आणि १८४९ च्या ५ जून रोजी संविधानावर राजाची स्वाक्षरी झाली. प्रजेस राजकारण विसरावयास लावण्याचे वचन देणाऱ्या गृहस्थाने बांधलेले सभागृहच राजकारणास लाभावे, हा दैवदुर्विलास आठव्या ख्रिश्चनला पाहावा लागला नाही, एवढेच.

कार्स्टेनसेनचे पुढे फारसे बरे झाले नाही. श्लेस्विगच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून तो गेला, टिव्होलीच्या संचालकांशी त्याचे फाटले, तो अमेरिकेस गेला, न्यूयॉर्कच्या १८५३ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या स्फटिकप्रासादाच्या आराखड्यात त्याचा वाटा होता, आणि परतल्यावर फ्रेडरिक्सबर्ग येथे ‘अल्हाम्ब्रा’ नावाचे नवे प्रमोदवन मांडीत असतानाच १८५७ मध्ये, त्याचे उद्घाटन होण्यापूर्वी, तो वारला. त्याच सुमारास कोपनहेगनच्या वेशी पाडल्या जात होत्या. १८५३ च्या पटकीने शहरात साडेचार हजारांहून अधिक माणसे नेली, त्यानंतर तटाचे दिवस भरलेच होते. तट गेला, शहर पसरले, आणि वेशीबाहेरचे टिव्होली पाहता पाहता शहराच्या मध्यभागी आले. आज मध्यवर्ती रेल्वेस्थानकातून बाहेर पडताच समोर त्याची हद्द लागते.

कौटुंबिक सहलीचे स्थान हे रूप टिव्होलीस याच काळात ठळकपणे आले. राजरक्षकांच्या गणवेशातील मुलांचे पथक १८४४ पासून तेथे संचलन करी. विल्हेल्म डालेरुपने १८७४ मध्ये बांधलेल्या मूकनाट्यगृहाचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा, आणि तो दोऱ्यांनी मिटवावयास कामगारांची तुकडी लागते. त्याच्यामागे हार्लेकिन, कोलंबिना आणि पिएरो यांची इटलीहून आलेली तीच जुनी फजिती आजतागायत चालते. बाक्केनकडे आगगाडी १८६३ मध्ये गेली, आणि मोलमजुरी करणाऱ्या घरांनाही रविवारी बायकामुलांसह रानात जाऊन परतणे शक्य झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. आठवड्याची सुटी आणि स्वस्त भाडे यांवाचून ‘कुटुंबाची सहल’ ही वस्तू अस्तित्वातच येत नाही. राजे आणि उद्योजक उद्याने देऊ शकतात, तेथे घालवावयाची संध्याकाळ मात्र मालकाकडून मिळवावी लागते.

या संध्याकाळची किंमत किती, हे १९४४ मध्ये दिसले. १९४० पासून डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. रात्रीच्या अंधारबंदीतही टिव्होली उघडे राहावे म्हणून वास्तुशिल्पी पॉल हेनिंगसेन याने आकाशातून न दिसणारे दिवे बनविले होते. प्रतिकारकांनी शस्त्रांचा एक कारखाना उडविल्यावर त्याचा सूड म्हणून नाझीधार्जिण्या डॅनिशांनी जूनच्या अखेरीस एका रात्री टिव्होलीत स्फोट घडवून संगीतगृह जाळले. जी जागा राजकारणापासून दूर म्हणून मागितली गेली होती ती आता नेमकी राजकारणासाठीच निवडून जाळली गेली, कारण शहराचे मर्म तेथे आहे हे शत्रूसही ठाऊक होते. त्याच वेळी जर्मन सेनाधिकाऱ्यांनी रात्री आठपासून संचारबंदीचा हुकूम सोडला. २६ जून रोजी बुर्माइस्टर आणि वाइन या जहाज-कारखान्यातील कामगार दुपारीच काम टाकून बाहेर पडले आणि त्यांनी कारण दिले ते असे, की रात्री बाहेर राहता येत नाही, तेव्हा आपल्या बागेच्या वाफ्यांची निगा राखण्यास आताच घरी गेले पाहिजे. उन्हाळ्यात जेथे दहापर्यंत उजेड असतो तेथे आठची संचारबंदी म्हणजे सगळी संध्याकाळच जप्त! पाहता पाहता शहरभर हरताळ पडला. पाणी, वायू आणि वीज तोडूनही तो मोडला नाही, आणि जर्मनांस माघार घ्यावी लागली. टिव्होली काही आठवड्यांतच पुन्हा उघडले. जळालेल्या संगीतगृहाच्या जागी नवे संगीतगृह १९५६ मध्ये उभे राहिले.

मौजेने माणूस राजकारण विसरतो, हा सिद्धान्त त्यामुळे मला तरी खोटा वाटतो. निदान कोपनहेगनमध्ये तो दोनदा खोटा पडला. युरोपच्या प्रवासास निघालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्या वाट्यास कोपनहेगनचा एक दिवस येईल त्यांनी टिव्होलीत शिरल्यावर आधी तलावाकडे जावे, कारण तो शहराच्या जुन्या खंदकाचा उरलेला भाग आहे. मग १९१४ ची लाकडी उतरणगाडी गाठावी. तिच्या डब्यांत अजूनही एक माणूस बसून हाताने ब्रेक लावतो. दुपार हाताशी राहिली तर मध्यवर्ती स्थानकातून लोकलने क्लाम्पेनबोर्गला जावे. अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते, आणि तेथून बाक्केन रानातून चालत जाण्याजोगे आहे.