चौकटीत न बसणारा आकडा

बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत असे. आनुवंशिकतेच्या धड्यात लिंगनिश्चितीची चौकट येते: आईकडून एक्स गुणसूत्र, बापाकडून एक्स नाहीतर वाय. 1905 साली नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्यांवर काम करून हे दाखवलं. आमच्याकडे त्याचं भाषण झालं, ‘मुलगी झाली तर दोष बाईचा नाही, बापाचा.’ मला ते कधी पटलं नाही. सासूनं सुनेवर टाकला काय आणि शास्त्राच्या नावानं बापावर टाकला काय, मुलगी होणं हा दोषच राहिला की!

गर्भजल तपासणी आपल्या देशात सत्तरच्या दशकात आली ती जन्मजात विकार शोधायला. पण गुणसूत्रं बघायची तर एक्स-वायही दिसणारच. सरकारी रुग्णालयांत लिंगचाचणीला मनाई झाली आणि धंदा खासगी दवाखान्यांत गेला. आज थोडे पैसे खर्चा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. त्याविरुद्ध मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एकत्र आले. 1988 मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा 1994 चा. तोवर सोनोग्राफीनं गर्भजल काढायच्या सुईचीही गरज संपवली होती. पुढे कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 मध्ये कायदा कडक झाला.

हे सगळं पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतं. मी मुलांना जनगणनेचे आकडे द्यायची. चौकट सांगते निम्मे-निम्मे, म्हणून मुलं हजारास हजार धरून बसत. प्रत्यक्षात कुणी हात न लावताही हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात, इथवर जीवशास्त्र. 2011 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण राज्यात हजारी 894 होतं, बीडमध्ये 807. ‘मॅडम, बाकीच्या कुठल्या चौकटीत टाकायच्या?’ असं एकानं विचारलं, तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. जिल्ह्यातल्याच परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण नुकतंच गाजलं होतं. दवाखाने सगळ्यांना ठाऊक होते.

इथवर मुलांचं एकमत होई. मग मी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराकडे वळायची. त्यासाठी गर्भाची तपासणी कायद्याला मान्य आहे. सुई तीच, प्रयोगशाळा तीच. हे चालतं, मग ते का नाही? आणि डाउन सिंड्रोमचं काय? वर्गात दरवर्षी दोन तट पडत. एक मुलगी म्हणाली, ‘आजार टाळणं वेगळं, माणूस टाळणं वेगळं.’ तिच्याच मैत्रिणीनं विचारलं, ‘आणि औषधपाण्याचा खर्च कोण करणार, तू?’ मी निकाल देत नसे. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना बोलायचं असेल तर पहिली पाळी त्यांची, एवढाच माझा नियम.