शिकवायला आले, आधी शिकायला बसले

मंडळी, आजचा विषय आहे कोकणात नव्याने आलेले ख्रिस्ती मिशनरी. धर्मांतराची चर्चा आपण पुष्कळदा ऐकतो. आज तिच्याही आधीचा प्रश्न घेऊ : परदेशातून आलेली ही माणसं इथे रुळली कशी?

बाहेर भाट्याची खाडी आहे, पलीकडे रत्नागिरी. पूल नव्हता तेव्हा एवढं अंतरही तरीतून जावं लागे, आणि लांबचा प्रवास तर समुद्रानेच. आपल्याला याच किनाऱ्याने उत्तरेला जायचं आहे. जयगड, दाभोळ मागे टाकलं की हर्णै, आणि त्याच्या पुढे सावित्री नदीच्या मुखावर बाणकोट.

१८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना येण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये आले. पुण्यात ठाणं करायचा विचार होता. पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झालेली. लोकांच्या धर्मभावना दुखावण्याचा धोका सरकारला नको होता. म्हणून ही मंडळी आली कोकणात, बाणकोटला.

आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा जहाजाचा प्रवास. घरी पत्र लिहिलं तर उत्तर हातात पडायला वर्ष जायचं. जूनमध्ये बंदरं बंद झाली की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची वाट बंद. आणि सगळ्यात मोठी भीती आजाराची. डोनाल्ड मिचेल आले त्याच वर्षी वारले, सावित्रीच्याच काठी, वर पोलादपुरात. तिकडे सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले, आणि गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात, तेही पटकीनेच. नवीन माणूस यायचा तो आधीच्याचं थडगं बघतच.

तरी माणसं येत राहिली. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरले. विल्सन पंचविशीच्या आतले. मुंबईत कामाला लागण्याआधी दोघं मराठी शिकायला हर्णै-बाणकोटकडे आले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे, तेच हे विल्सन.

शिकायची साधनं काय होती? विल्यम केरींचं १८०५ चं व्याकरण होतं, पण ते श्रीरामपुरात, म्हणजे बंगालमध्ये बसून, नागपूरकडच्या पंडित वैजनाथांच्या मदतीने केलेलं. व्हॅन्स केनेडींचा १८२४ चा कोश होता. मोल्सवर्थचा मोठा कोश यायला अजून दोन वर्षं होती. तेव्हा खरा कोश म्हणजे समोर बसलेला शास्त्री! ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा, हे कागदावर दिसत नाही. ते ऐकून, चुकून आणि शिकवणाऱ्याने हसून दुरुस्त केल्यावरच येतं. मिशनच्या गावोगावच्या शाळांतही शिकवणारे पंतोजी बहुतेक हिंदूच असत. थोडक्यात, शिकवायला आलेल्या माणसाला आधी इथल्या माणसाचा विद्यार्थी व्हावं लागलं.

यात एक अडचण विशेष आहे. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना एकच शब्द. मराठीत तसं चालत नाही. उपदेशक ‘आम्ही देवाची लेकरं’ म्हणाला, की समोरचा त्यातून वगळला गेला. ‘आपण’ म्हणाला, की तो आत आला; मग आत आलेला माणूस बोलणारच. आम्हाला वाटतं, परक्या मुलखात रुळणं म्हणजे हा फरक कळणं. हवामान, जेवण, कपडे यांची सवय त्यामानाने लवकर होते.

विल्सन वर्षाच्या आत मराठीतून बोलू लागले आणि नोव्हेंबरात मुंबईला परतले. मार्गारेटबाईंनी तिथे मुलींच्या शाळा काढल्या. कोकणात शिकलेली मराठी त्यांना वर्गात उपयोगी पडली. सहा वर्षांनी, एप्रिल १८३५ मध्ये, त्या मुंबईतच वारल्या. बाणकोटच्या जुन्या मंडळींपैकी जॉन स्टीव्हन्सन यांनी १८३३ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. आपल्या भाषेच्या अभ्यासाला त्याचा फायदा झाला, हे मान्य केलं पाहिजे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी मुंबईत विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला, आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिलं. मराठीत! विल्सन यांनी त्यालाही लेखी उत्तर दिलं. लोकांना आपलं म्हणणं कळावं म्हणून पाहुण्याने लोकांची भाषा घेतली, आणि त्याच भाषेत लोकांनी त्याला उलट विचारलं. शास्त्र्यांनी मिशनऱ्याला मराठी बोलायला शिकवलं. ऐकून घेणंही मग त्याला भाग पडलं.

कोण जिंकलं, हे आजही ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवावं. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की दोघं एका भाषेत समोरासमोर बसले. त्याची तयारी मुंबईत झाली नव्हती. ती झाली होती याच किनाऱ्यावर, एका शास्त्र्यासमोर मांडी घालून चुका करणाऱ्या नवख्या पाहुण्यांकडून.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.