चिपाडाची ताटे

उसाच्या चिपाडाचा लगदा साच्यात दाबून केलेली, एकदा वापरून खतात जाणारी ताटे, वाट्या व डबे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के चिपाड (बगॅस) निघते. त्यात जवळपास निम्मे पाणी असते. त्याला टाकाऊ म्हणणे बरोबर नाही. साखर कारखान्याचा बॉयलर आणि सहवीजनिर्मिती त्यावरच चालते, म्हणून ताटवाल्याला ते जळणाच्या भावाशी झगडूनच मिळते.

चिपाडात तंतूंबरोबर मऊ गाभाही असतो. तो पाणी धरून ठेवतो, लगदा निथळू देत नाही. म्हणून आधी झोडपून तो वेगळा काढतात व बॉयलरकडे परत पाठवतात. उरलेले तंतू कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवले की त्यांना जखडून ठेवणारे लिग्निन विरघळते. गळीत हंगाम काही महिन्यांचा, लगदा मात्र वर्षभर हवा. त्यामुळे चिपाड साठवावे लागते, आणि साठवण बिघडली तर त्यातली उरलीसुरली साखर आंबून तंतू कमजोर होतात.

साच्याकडे येणारा लगदा बहुतांशी पाणीच असतो. जाळीदार साच्याखालून पंप ते पाणी ओढतो, जाळीवर तंतूंचा थर बसतो आणि तापलेल्या साच्यांत तो दाबून वाळवतात. डिंक लागत नाही. पाणी उडून जाताना सेल्युलोजचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. कडेची कात्रणे पुन्हा लगद्यात जातात.

खरी अडचण रश्श्यावरच्या तर्रीची. तेल झिरपू नये म्हणून अनेक उत्पादकांनी लगद्यात फ्लोरिनयुक्त रसायने (पीएफएएस) घातली. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. ताट कुजले तरी खतातून शेतात पोचतात. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांवर बंदी घातली. कंपोस्टयोग्य वेष्टनांसाठीचे ईएन १३४३२ हे युरोपीय मानक फ्लोरिनला किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा घालते. ही रसायने असलेल्या ताटाला कंपोस्टयोग्य म्हणणे ही ग्राहकाची आणि शेतकऱ्याची फसवणूक आहे.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटांवर बंदी आणल्यावर या मालाला बाजार मिळाला. पळसाची पत्रावळ किंवा पोफळीच्या विरीचे ताट यांना लगदाही लागत नाही आणि कॉस्टिकही नाही. जिथे ती सहज मिळतात तिथे तीच सरस.

चिपाडाचे ताट उबदार, ओलसर, हवा खेळत्या ढिगात काही आठवड्यांत विरते. कचरा डेपोत हवेविना गाडले गेले, तर त्यातून मिथेन निघतो. म्हणून पंगत उठल्यावर ताटे उष्ट्यासकट खताच्या खड्ड्यात टाकावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नयेत.