चार बाजू आणि भास्कराचार्यांचा राग
ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये चौकोनाच्या चार बाजूंवरून क्षेत्रफळाचे सूत्र दिले. अट मात्र स्पष्ट लिहिली नाही. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य चिडतात: कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि सांगणारा त्याहून मोठा! राग रास्तच. चारही बाजू २५ घ्या. कर्ण ३० व ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. १४ व ४८ असतील तर ३३६. सूत्र म्हणते ६२५, म्हणजे चौरस. आजच्या परिभाषेत चार चलांचे हे फलन वर्तुळात बसणाऱ्या चौकोनांपुरतेच. तोच त्याचा प्रांत. आचार्यांनी पाचवे चल, कर्ण, मागितले. वर्तुळ मात्र त्यांच्या नजरेतून निसटले, असे मला वाटते. कारण हाच चौकोन दाबत नेला तर क्षेत्रफळ शून्याकडे उतरते, पण ६२५ पुढे कधीच जात नाही. व्याप्तीचे वरचे टोक ब्रह्मगुप्ताच्या सूत्रातच होते.