आपला किनारा, वादळें आणि धोक्याचा बावटा

इ. स. १६१८ च्या मे महिन्यांत वसईवर एक भयंकर वादळ कोसळलें. त्याचें वर्णन पोर्तुगीज अमदानीच्या वृत्तान्तांत राहिलें आहे. वाऱ्यानें समुद्राचें पाणी शहरांत लोटलें, देवालयांचीं छपरें उडवून नेलीं, मोठमोठे दगड दूरवर भिरकावून दिले, व दोन हजार माणसें दगावलीं, असें त्यांत म्हटलें आहे. मुंबई बंदरांत साठ गलबतें मालासह तळाशीं गेलीं; आणि आगाशीस एक लहानसें जहाज वाऱ्याच्या जोरानें समुद्रांतून जमिनीवर येऊन पडलें. हे आंकडे तंतोतंत मानण्याचें कारण नाहीं. परंतु दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, तें वादळ पावसाळ्याच्या भरांत नव्हे, तर त्याच्या उंबरठ्यावर आलें. दुसरी ही कीं, तें येत असल्याची वार्ता वसईस देण्याचें साधनच त्या काळीं जगांत नव्हतें. या दोन गोष्टींचा पुढील चारशें वर्षांचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

समुद्राशीं ज्यांचा रोजचा व्यवहार, त्यांनीं त्याच्या स्वभावाचें एक पंचांग पिढ्यानुपिढ्या बांधून ठेवलें आहे. आगोट जवळ आली कीं होड्या वाळूवर ओढावयाच्या, शिडें व जाळीं घरांत घ्यावयाचीं, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या निवळला म्हणजे पुन्हा बाहेर पडावयाचें. कोळीवाडा कोणत्याहि धर्माचा असो, त्याचा हा नियम ठरलेला. नैऋत्येकडील मोसमी वाऱ्यांपासून या नियमानें असंख्य जीव वांचविले आहेत. परंतु चक्री वादळाला तो पुरा पडत नाहीं. अरबी समुद्रांत अशीं वादळें मुख्यतः दोन वेळां उद्भवतात: एकदां मे महिन्यांत व जूनच्या आरंभीं, आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत. म्हणजे आगोटीपूर्वीं शेवटच्या खेपा मारण्याची घाई असते तेव्हां, आणि मासेमारीचा हंगाम चालू असतो तेव्हां.

असें कां व्हावें हें समजणें कठीण नाहीं. समुद्राचें पाणी सुमारें २६-२७ अंश सेल्सियसच्या वर तापलें म्हणजे त्यावरील दमट हवा वर चढूं लागते. वर गेल्यावर तिच्यांतील वाफेचें पाणी होतें, व त्या वेळीं सुटणाऱ्या उष्णतेनें ती आणखी वर चढते. खालीं हवेचा दाब उतरतो, सभोंवतालची हवा तिकडे धांव घेते, आणि पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ती सरळ न जातां वळते. उत्तर गोलार्धांत हें चक्र घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतें. ऐन पावसाळ्यांत खालचे वारे पश्चिमेकडून व उंचावरील वारे पूर्वेकडून जोरानें वाहत असतात. त्या ओढाताणींत वादळाचा उभा स्तंभ टिकत नाहीं. मोसमी वारे स्थिर होण्यापूर्वीं व ते परतल्यावर ही ओढाताण कमी होते, आणि वादळास वाव मिळतो.

वादळाच्या मधोमध वारा पडतो व कधीं कधीं आकाशहि उघडतें. अजाण मनुष्य संकट टळलें असें समजून घराबाहेर येतो, आणि थोड्याच वेळांत वारा उलट दिशेनें तितक्याच आवेशानें सुटतो. दुसरी एक गोष्ट आपल्या पश्चिम किनाऱ्यास विशेष लागू आहे. वादळाचें केंद्र जेथें जमिनीस लागतें त्याच्या दक्षिणेस वारा समुद्राकडून वाहतो व पाणी आंत लोटतो; उत्तरेस तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें, तेव्हां श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबई व वसई केंद्राच्या उत्तरेस राहिल्यामुळें समुद्राच्या मोठ्या लोंढ्यापासून वांचलीं.

वादळ हें एक फिरतें चक्र आहे हें ज्ञान एकोणिसाव्या शतकांत दृढ झालें. कलकत्त्यास राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनीं जहाजांच्या रोजनिशा जमवून वादळांचे मार्ग आंखले, व १८४८ सालीं ‘सायक्लोन’ हा शब्द प्रचारांत आणला. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं उभी राहिली होती. आरंभीं ती ग्रहतारे पाहण्यासाठीं व जहाजांना अचूक वेळ देण्यासाठीं होती. १८४१ पासून तेथें हवामानाच्या व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊं लागल्या. डॉ. नानाभाई मूस हे १८९६ सालीं तिचे पहिले हिंदी संचालक झाले. परंतु एका ठिकाणचा वायुभारमापक कितीहि उत्तम असला तरी त्या एकाच ठिकाणची हकीकत सांगतो. दूरच्या समुद्रांत काय शिजत आहे तें कळावयास अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र याव्या लागतात, व तें काम पुढें तारायंत्रानें केलें.

तारांचें जाळें पुरतें पसरण्यापूर्वींहि ज्यांनीं केवळ निरीक्षणाच्या बळावर वादळाची आगाऊ सूचना दिली, त्यांत येशूसंघाच्या तिघां धर्मगुरूंचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. कलकत्त्याच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजांतील फादर लाफाँ यांनीं १८६७ सालीं आपल्या साध्या वेधशाळेंतील नोंदींवरून येणारें वादळ ओळखलें. ती सूचना प्रसिद्ध होऊन लोकांस सावध होतां आलें. क्यूबा बेटांत हवाना येथें फादर बेनितो व्हिन्येस यांनीं उंच आकाशांतील पिसांसारख्या ढगांची दिशा पाहून वादळाचें केंद्र कोठें असावें हें ताडण्याची रीत बसविली, व ११ सप्टेंबर १८७५ रोजीं पहिली सूचना छापविली. फिलिपाइन्सांत मनिला येथें फादर फेदेरिको फाउरा यांनीं ७ जुलै १८७९ रोजीं तसेंच केलें. शाळा चालवितां चालवितां दिवसांतून अनेक वेळां दाब, वारा व ढग टिपून ठेवण्याचें हें काम तिघांनींहि वर्षानुवर्षें केलें.

१८६४ च्या वादळानें कलकत्त्यास हजारों माणसांचा बळी घेतला. दुसऱ्याच वर्षीं त्या बंदरांत वादळाची सूचना देणारी व्यवस्था सुरू झाली. १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. १८८० च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांनाहि सूचना मिळूं लागल्या, आणि १८९८ सालीं सर्व बंदरांत एकच पद्धत लागू झाली. आपले लोक जिला ‘बावटा’ म्हणतात ती खूण हीच: दिवसा उंच खांबावर शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराच्या वस्तू, रात्रीं तांबडे व पांढरे दिवे. एकापासून दहापर्यंत अंक चढतात तसतसा धोका वाढतो. अकरावा अंक मात्र वाऱ्याचा जोर सांगत नाहीं. हवामान खात्याशीं संबंध तुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. वार्ता न मिळणें हाच सर्वांत मोठा धोका, हें ज्यांनीं ही पद्धत घडविली त्यांनीं नीट ओळखलें होतें.

तरीहि बंदरांतील बावटा समुद्रांत गेलेल्यास दिसत नाहीं. आपल्या उत्तरेकडील वैतरणा नदीचें नांव धारण करणारी आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली. विजेचे दिवे असल्यामुळें लोक तिला ‘विजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळांत सांपडून ती नाहींशी झाली. तिच्यावर सातशेंहून अधिक माणसें होतीं असें सांगतात. त्यांतील एकहि परतलें नाहीं.

पुढें बिनतारी यंत्र आलें व जहाजें एकमेकांस आणि किनाऱ्यास बातमी देऊं लागलीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें मुंबईनें मोठें वादळ अनुभवलें. १९६० पासून उपग्रह ढगांचीं चित्रें पाठवूं लागले, आणि २००४ पासून आपल्या समुद्रांतील वादळांना नांवें मिळूं लागलीं. आज वादळाचा मार्ग कांहीं दिवस आधीं सांगतां येतो. बंगालच्या उपसागरांत चार वादळें होतात तेव्हां अरबी समुद्रांत एक होतें, आणि त्यांतीलहि बरींचशीं ओमान किंवा गुजरातकडे वळतात. म्हणून आपल्या किनाऱ्यास विसर पडतो. परंतु अलीकडच्या दशकांत अरबी समुद्र अधिक तापला असून प्रबळ वादळें वाढलीं आहेत, असें शास्त्रज्ञांचें निरीक्षण आहे. नोव्हेंबर २००९ मध्यें ‘फयान’ वादळानें कोकणांतील मासेमारांवर ऐन हंगामांत घाला घातला.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘ओखी’ वादळांत तिरुवनंतपुरम् व कन्याकुमारीकडील शेंकडों मासेमार मृत्यु पावले किंवा बेपत्ता झाले; त्यांतील बहुतेक आपले धर्मबांधव होते. धोक्याची सूचना निघाली तेव्हां त्यांपैकीं कित्येक नावा दिवसेंदिवस खोल समुद्रांत होत्या, व तेथें दूरध्वनि पोहोंचत नव्हता. वाऱ्याबरोबर वाहत आलेले नऊशेंवर खलाशी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास सुखरूप लागले. या अनुभवानंतर, २०१९ सालीं, उपग्रहामार्फत खोल समुद्रांतहि सूचना पोहोंचविणारें ‘जेमिनी’ नांवाचें यंत्र उपलब्ध झालें. परंतु मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ वादळाच्या वेळीं याच्या उलट घडलें. सूचना वेळेवर निघाली होती. तरीहि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रांत एक तराफा माणसांसह जागींच राहिला, आणि नांगर तुटून तो बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकीं सुमारें सत्तर दगावले. ओखींत सूचना पोहोंचली नाहीं. तौक्तेंत ती पोहोंचूनहि पाळली गेली नाहीं.

१६१८ सालीं वसईकरांस सांगणारें कोणी नव्हतें. आज सांगणारे आहेत, सांगण्याचीं साधनें आहेत. उणीव राहिलीच तर ती शेवटच्या मजलेची, म्हणजे वेधशाळेपासून तांडेलाच्या कानापर्यंतची आणि कानापासून त्याच्या निश्चयापर्यंतची आहे. ती भरून काढणें गांवाच्या हातीं आहे. कोणती नाव किती माणसें घेऊन केव्हां गेली याची बंदरावर नोंद असावी. नावेवर सूचनेचें यंत्र चालू स्थितींत असावें. मे व नोव्हेंबरांत बावटा लागला असतां एका खेपेच्या मासळीचा लोभ सोडावा. आणि जो तांडेल बावटा पाहून नाव किनाऱ्यास ठेवतो त्याला भित्रा म्हणून कोणीं हिणवूं नये. गेलेला दिवस हंगामांत पुन्हा भरून निघतो. घरचा कर्ता पुरुष भरून निघत नाहीं, हें या किनाऱ्यावरील विधवांना कोणीं सांगावयास नको.