प्रतापशेठांचे दान आणि कार्नेजीची अट

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचा विषय निघाला की प्रतापशेठांचे नाव आपोआप येते. कापडगिरणीचा हा मालक अद्वैत वेदान्ताचा निष्ठावान होता. मुंबईच्या शेठ वल्लभदासांच्या साथीने त्यांनी १९१६ साली बोरीकाठच्या या तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाची स्वतंत्र संस्था काढली. अमेरिकेत रॉकफेलर फाउंडेशनला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

पोटाची काळजी नसलेल्या अभ्यासकांनी इथे राहावे आणि विचार करावा, ही मूळ कल्पना. ती फळली. १९२५पासून 'फिलॉसॉफिकल क्वार्टरली' हे त्रैमासिक इथून निघू लागले. घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी मिळून लिहिलेले 'अज्ञान' हे पुस्तक १९३३ साली आले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते. खानदेशातल्या कापसाच्या गावाला एवढे भाग्य कसे लाभले, याचे मला अनेक वर्षे नवल वाटत आले आहे.

पण दान म्हटले की दात्याबरोबर त्याचे कामगारही आले. अँड्र्यू कार्नेजीने १८८९ साली श्रीमंतांनी जिवंतपणीच संपत्ती वाटावी असा उपदेश केला. तीनच वर्षांत त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संपकरी आणि खाजगी सशस्त्र पहारेकरी यांच्यात रक्त सांडले. अमळनेरातही प्रश्न तोच होता. तत्त्वज्ञान मंदिरात विद्यार्थी म्हणून आलेले साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे तेच गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. प्रतापशेठांच्या दानाने ज्याला गावात आणले, त्यानेच गिरणीला जाब विचारला. हे मला त्या दानाचे अपयश वाटत नाही. उलट त्याचे सर्वांत मोठे फळ वाटते.

कार्नेजीची एक गोष्ट मात्र प्रतापशेठांच्या दानात दिसत नाही. त्याने अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये बांधून दिली, पण अमेरिकेत साधारणपणे अट अशी, की जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्चासाठी काढावी. इमारत शेठची, दिवाबत्ती गावाची. अमळनेरात इमारतही शेठची आणि अभ्यासकाच्या ताटातली भाकरीही शेठची. देणारी पिढी सरल्यावर त्रैमासिक साठच्या दशकात थांबले. त्याचा वारसा १९७३पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टरली'च्या रूपाने चालवला. गावाच्या हाती वास्तू आणि नाव उरले.

धुळ्याकडे पाहिले की फरक कळतो. १८९३ची सत्कार्योत्तेजक सभा किंवा इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ, यांच्यामागे कुणा एका गिरणीपेक्षा कार्यकर्त्यांची चिकाटी अधिक होती. तिथली दफ्तरे आजही माझ्यासारख्या बिनपदवीच्या संशोधकासाठी उघडतात.

अमळनेरलाच १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली; तिचीच पुढे विप्रो झाली. अझीम प्रेमजींनी त्या संपत्तीचा मोठा वाटा शिक्षणाला दिला. खानदेशला दात्यांची वाण कधीच नव्हती. प्रश्न एवढाच, की दात्याने दिल्यावर आपण आपल्या पदराचे किती घालतो?